टकमक टोक चुकलंय!

दिवाळीत महाडच्या पोरांवर एक मोठा अन्याय होतो आणि त्याची दाद मागायला कुठलंच कोर्ट नाही. पुण्यातल्या, नाशकातल्या किंवा डोंबिवलीतल्या मुलानं सोसायटीच्या पार्किंगमध्ये मातीचा ढीग रचला, वर महाराज बसवले आणि ‘रायगड’ अशी पाटी लावली, की तो रायगड होतो. बघायला येणारे ‘वा वा’ म्हणतात, पोराच्या हातावर चॉकलेट ठेवतात आणि फराळाला पुढच्या घरी जातात. महाडात हे चालत नाही. खरा रायगड इथून जेमतेम 25 किलोमीटरवर. नाते खिंडीतून वळलं की थोड्याच वेळात पाचाड. आळीतला प्रत्येक माणूस गड कितीदा चढला ते त्याचं त्यालाच आठवत नाही. त्यामुळे येणारा-जाणारा फाटकाशी थांबतो, चष्मा वर-खाली करतो आणि शुभ दीपावली म्हणायच्या आधी म्हणतो, “टकमक टोक चुकलंय.”

आमच्या आळीत हे काम प्रामुख्यानं एका निवृत्त गुरुजींकडे आहे. त्यांच्या हाताखालून आळीच्या दोन पिढ्या गेल्या आणि प्रत्येक पिढीला त्यांनी सहलीला रायगडावरच नेलं. साऱ्या महाराष्ट्रातल्या शाळा एसटी भरभरून रायगडला येतात, मग आमच्या शाळेनं वेगळं कुठे जायचं? घरी पाहुणे आले की रायगड. नवं लग्न झालं की जोडीनं रायगड. 6 जूनला राज्याभिषेक दिनासाठी लोक आमच्याच रस्त्यानं वर जातात, तेव्हा त्यांना रस्ता दाखवता दाखवता आम्हीही निम्म्या वाटेपर्यंत जातो. एवढी तयारी असलेल्या गावात पोरानं हिरकणी बुरूज पूर्वेला आणि भवानी टोक पश्चिमेला काढलं, तर ते खपायचं कसं? त्यात 11 जुलै 2025 ला युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात रायगड आहे, प्रतापगडही आहे. त्या दिवसापासून गुरुजींच्या अंगात युनेस्को संचारलंय.

किल्ल्याचं काम शाळेला सुट्टी लागली की सुरू होतं. आधी दगड. मग विटा, कुणाच्या तरी अर्धवट बांधकामावरून ‘मागून’ आणलेल्या. मग माती. महाडात मातीला तोटा नाही. सावित्री आणि गांधारी पावसाळ्यात गाळ घरपोच आणून देतात. 2021 च्या 22 जुलैला दोघींनी तो इतका दिला की गावात अजून ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ अशीच कालगणना चालते. त्या गाळावर विनोद करायचा हक्क फावडं मारलेल्यांनाच आहे, आणि त्यांना अजून तितकंसं हसू येत नाही. तेव्हा किल्ल्याची माती पोरं टेकाडावरून आणतात. लाल, चाळलेली, गांडुळं वेचून काढलेली.

त्यानंतरचा प्रकार जवळ उकिडवं बसूनच बघायला हवा. गोणपाट गाऱ्यात बुडवायचं, पिळायचं नाही, तसंच निथळतं उचलून दगडांवर टाकायचं. सुरकुती पडेल ती दरी, दगडाचं टोक वर येईल तो कडा. पोरांचे हात कोपरापर्यंत लाल, नाकाच्या शेंड्यावर लाल ठिपका, आणि खाजवायचं राहून गेलेलं डोकं दुसऱ्यानं मनगटानं खाजवून द्यायचं. सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून झाला, असं भूगोलात शिकवतात. त्या थरांना लाखो वर्षं लागली. आमच्या आळीत तो वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी होतो, कारण वेळापत्रक पुस्तकाचं नव्हे तर आईचं, आणि संध्याकाळी अंगण धुवायचं असतं.

मग पायऱ्या. त्या आइस्क्रीमच्या काडीनं कापतात आणि त्यासाठी आइस्क्रीम खाणं ओघानं आलं. गंगासागर तलावाला स्टीलची ताटली पुरते. हत्ती तलावाला मात्र पोरं पुरेपूर हट्टानं मातीचाच खड्डा करतात आणि त्यात तांब्या तांब्यानं ओतलेलं पाणी गडप होतं. मोठ्यांपैकी कुणीतरी “प्लास्टिक घाला रे खाली!” म्हणतं. त्यावर आमच्या धाकट्यानं एकदा शांतपणे सांगितलं, “काका, खरा हत्ती तलावही कितीतरी वर्षं गळतच होता.” काका गप्प. गुरुजी मात्र मनापासून खूश झाले. चूक असली तर ती अशी असावी, साधार.

महादरवाजाचं दार एका वर्षी फारच हुबेहूब जमलं होतं. शत्रूच्या हत्तींनी धडक देऊ नये म्हणून किल्ल्यांच्या दारांना बाहेरून अणकुचीदार खिळे ठोकत. पोरांच्या दारालाही तसे खिळे होते, ओळीनं, एकसारखे, चकचकीत. सगळी आळी येऊन बघून गेली. इकडे स्वयंपाकघरात सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तशाच पडून होत्या, करंज्यांचं सारण खोळंबलं होतं आणि आई व काकू एकमेकींना विचारत होत्या, “किसणी पाहिलीत का हो?” किसणी गडाचं रक्षण करत होती.

महाराजांच्या मूर्तीबाबत प्रमाणाचा नियम कुठल्याच पोरानं आजवर पाळलेला नाही. महाराज एक वीत उंच आणि महादरवाजा चार बोटं. म्हणजे महाराजांना गडावर यायचं तर तटावरून ढांग टाकूनच यावं लागेल. गुरुजींनी हे दाखवून दिलं, तेव्हा पोरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू गुरुजीच गनिमाला सामील आहेत. महाराज मोठेच असणार! मावळे बाजारातून आणलेले, गुलाबी चेहऱ्याचे आणि एकाच साच्यातल्या मिशांचे. त्यांच्यात मागच्या वर्षीची हात मोडलेली गवळण, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई, रायफल रोखलेले हिरवे सैनिक आणि एक फलंदाज. फलंदाजाला नगारखान्यावर उभं करतात. बॅट लांबून टिपरूसारखी दिसते. हिरकणी म्हणून बहिणीची बाहुली कड्यावरून उतरते. सोनेरी केस, उंच टाचांचे बूट. खऱ्या हिरकणीनं अंधारात अनवाणी उतरून दाखवलं, ही तर बूट घालून उतरते, म्हणजे कौतुक हिचंच जास्त, असा बहिणीचा दावा.

आणि रोपवे. हा खास महाडचा अलंकार. गडाला रोपवे आला 1996 साली, त्यामुळे आत्ताच्या पोरांनीच काय, त्यांच्या तरुण आईबापांनीही रोपवेशिवायचा रायगड नीटसा पाहिलेला नाही. जास्वंदीच्या फांदीपासून राजसदरेपर्यंत सुतळी ताणतात आणि तिला दोन काड्यापेट्या लटकवतात. सुतळी ओढली की एक पेटी वर, एक खाली. सदरेत महाराज बसलेले, भालदार-चोपदार उभे, आणि शेजारी पुठ्ठ्याच्या खिडकीवर लिहिलेलं, ‘तिकीट येथे मिळेल’. गुरुजी म्हणाले, “अरे, शिवकाळ आहे ना हा?” उत्तर आलं, “गुरुजी, महाराज दिवाळीला आलेत.” यावर इतिहास संशोधक मंडळानं काय करावं?

2021 च्या डिसेंबरात तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद रायगडावर आले, तेव्हा शिवप्रेमींच्या भावना लक्षात घेऊन त्यांनीही हेलिकॉप्टर गडावर न उतरवता रोपवेनंच जाणं पसंत केलं. देशाच्या प्रथम नागरिकानं पाळलेला हा संकेत आमच्या आळीत पाळला जात नाही. हेलिकॉप्टर थेट जगदीश्वराच्या मंदिराशेजारी उतरतं. त्याचा पंखा मोडलेला असल्यानं धूळ उडण्याचा प्रश्नच येत नाही.

त्याच जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी आपलं नाव कोरून ठेवलंय. एवढा गड उभारून हिरोजींनी पायरी निवडली. आमच्याकडे किल्ल्यापेक्षा पुठ्ठा मोठा आणि त्यावर सात नावं. त्यातल्या दोघांनी फक्त आइस्क्रीम खाल्लेलं असतं.

आता मोठ्यांविषयी. किल्ला पोरं करतात हा एक समज आहे. पहिल्या दिवशी तो खरा असतो. दुसऱ्या दिवशी बाप ऑफिसातून येतो, बूट न काढता उभा राहतो आणि म्हणतो, “हे असं नाही करायचं.” तिथून पोरांच्या हातातला किल्ला गेला म्हणून समजा. बाप मातीत बसतो. पोरं कडेला उभी राहून पाणी आणून देतात. रात्री साडेदहाला आई जेवायला हाका मारते, तेव्हा पोरं केव्हाच जेवून झोपलेली असतात आणि बाप मोबाइलच्या उजेडात बालेकिल्ल्याला गिलावा करत असतो.

आमच्या आळीतले एक काका एमआयडीसीत फिटर आहेत. पूर्वी किल्ल्यावरचं कारंजं म्हणजे कंपाउंडरकडून मागून आणलेली सलाइनची नळी, वर उंचावर टांगलेला डबा आणि खाली पेनाच्या रिकाम्या रिफिलचं तोंड. वीतभर पाणी उडायचं, मग डबा रिकामा. काकांना हे फार बाळबोध वाटलं. त्यांनी कूलरचा पंप आणला, इंची पाइप आणला, मधे व्हॉल्व्ह बसवला, सगळ्यांना दोन पावलं मागे व्हायला सांगितलं आणि बटण दाबलं. कारंजं उडालं यात शंका नाही. ते पडवीच्या पत्र्यापर्यंत गेलं. पत्र्यावरून परत आलं ते बाजारपेठ, राजसदर आणि अष्टप्रधानांपैकी पाच जणांना घेऊनच खाली गेलं. काका अजून सांगतात की डिझाइन बरोबर होतं, प्रेशर जास्त झालं.

हल्ली बाजारात तयार किल्लाही मिळतो. साच्यातला, रंगवलेला, बुरुजांसकट. दुकानातून आणायचा, अंगणात ठेवायचा, हात धुवायचीही गरज नाही. एका घरी तो आला होता. गुरुजी त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. टकमक होतं तिथंच होतं. बोलायला काहीच नव्हतं. फाटकाशी उभ्या माणसाला दोन शब्द ऐकवायची सोय नसलेला किल्ला बघायला दुसऱ्या दिवशी कोण येणार? त्या घरचा मुलगा संध्याकाळपर्यंत आमच्या अंगणात येऊन गारा तुडवत होता.

पोलादपूरकरांची गोष्ट निराळी. त्यांचा जीव प्रतापगडावर. प्रतापगड कागदोपत्री सातारा जिल्ह्यात, पण हे पोलादपुरात मोठ्यानं बोलू नये. आंबेनळी घाट त्यांच्या दारातून चढतो, वाडा कुंभरोशीला वळलं की गड. मग जिल्ह्याची हद्द कुठे का असेना! 10 नोव्हेंबर 1659 ची भेट तिथल्या अंगणांत दर दिवाळीला होते. यात एक तांत्रिक अडचण आहे. अफझलखान महाराजांपेक्षा धिप्पाड हवा, हे चौथीच्या पोरालाही पाठ. पण बाजारात मिळणारे महाराज मोठे आणि खान लहान. मग खानाच्या पायाखाली काडेपेटी, काडेपेटीखाली अर्धी वीट, आणि ते दिसू नये म्हणून पुढं गवत. इतकी बडदास्त खानाची विजापुरातही कुणी ठेवली नसेल.

शिवाय उमरठ पोलादपूर तालुक्यातलं. तानाजी मालुसऱ्यांचं गाव, तिथं त्यांची समाधी. त्यामुळे त्या बाजूच्या पोरांना प्रतापगडाच्या शेजारी सिंहगडही लागतो. दोन गडांमध्ये हातभर अंतर. दोर म्हणून राखीचा रेशमी धागा, घोरपड म्हणून जत्रेतली रबरी पाल. एका अंगणात ऐन वेळी रबरी पाल सापडेना आणि भिंतीवरची खरीखुरी पाल कड्यावर उतरली. सगळ्यांनी श्वास रोखले. ती अर्ध्या कड्यावर थांबली, तिनं मावळ्यांकडे पाहिलं, एक किडा खाल्ला आणि आली तशी गेली. दंतकथेतली घोरपडही पहिल्या खेपेला माघारी फिरली होती म्हणतात, तेव्हा इथेही सगळं इतिहासाला धरूनच झालं.

किल्ल्याच्या मानानं आकाशकंदिलात भांडणं कमी, कारण त्यात भूमिती आहे आणि भूमितीचं नाव काढलं की निम्मे नातेवाईक आपोआप पांगतात. बेटातून कळक तोडायचा, कोयत्यानं कामट्या काढायच्या, त्या सारख्या मापाच्या करायच्या. बारा कामट्या सारख्या असल्याची खात्री प्रत्येक जण देतो. दोऱ्यानं बांधून उभं केलं की कळतं, कंदिलाला एक खांदा वर आहे. खळ कणकेची, मंद आचेवर शिजवलेली, झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली. घोटीव कागद चिकटवताना त्यावर जो एक ओला अंगठा उमटतो, तो संध्याकाळी दिवा लागल्यावर सर्वांत ठळक दिसतो. तो कुणाचा, हे शोधायला सगळे अंगठे तपासून झाले, निकाल अद्याप नाही. झिरमिळ्या कापणं हे लहानांचं काम. त्या पहिल्याच वाऱ्यात एकमेकींत गुंततात. त्या सोडवणं आजोबांचं, आणि ते भाऊबीजेपर्यंत पुरतं.

गणपतीच्या मखराची तर निराळीच कहाणी. पूर्वी थर्माकोल होता. त्यात सुमारे 98 टक्के हवा असते आणि उरलेले दोन टक्के पांढरे मणी होऊन घरभर फिरतात. मोदकात सापडायचे, आजीच्या केसांत सापडायचे, दसऱ्याला सोन्याबरोबर सापडायचे. 2018 च्या मार्चमध्ये राज्यात त्यावर बंदी आली. सजावटवाले त्या वर्षीच्या गणपतीपुरती सूट मागायला उच्च न्यायालयात गेले, ती मिळाली नाही. आता पुठ्ठा, बांबू आणि आईची पैठणी. चाकरमानी मुंबईकर मखराचं डिझाइन मोबाइलवर घेऊन निघतात. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 ला सुरू झालंय, त्यामुळे वाटेत विचार करायला भरपूर वेळ मिळतो. पेणच्या पुढे राजवाडा ठरलेला असतो, माणगावला त्याचं देऊळ होतं, आणि महाडात पोचेपर्यंत पहाटे साध्या कमानीवर एकमत झालेलं असतं. ती कमान उभी राहते ती भटजी दारात तांब्या-ताम्हन घेऊन उभे असताना. एका टोकाचा टेप सुटलेला, तो दीड दिवस एका पुतण्यानं पाठ टेकून धरलेला. गौरीच्या वेळेला हे काही नाही. रानातून तेरडा आणायचा, जुडी बांधायची, मुखवटा लावायचा. बायका तासाभरात गौर उभी करतात आणि मग कमानीकडे बघून काही बोलत नाहीत.

किल्ल्याकडे परत यायचं तर, त्याचे शत्रू दोन. पहिला परतीचा पाऊस. ऑक्टोबरात तो दुपारी चारला येतो आणि अर्ध्या तासात गडाचा ढिगारा करून जातो. म्हणून किल्ल्यावर निळी ताडपत्री, तिच्यावर विटा, आणि एक पोरगं छत्री घेऊन पहाऱ्यावर. दुसरा शत्रू कोंबड्या. वसुबारसेला पेरलेला अळीव लक्ष्मीपूजनापर्यंत हिरवागार उगवतो आणि त्याची पहिली बातमी कोंबड्यांना लागते. 1689 मध्ये झुल्फिकारखानाला रायगड घ्यायला कित्येक महिने वेढा द्यावा लागला. शेजारच्या तुरेवाल्या कोंबड्यानं सकाळच्या एका फेरीत वाघ दरवाजा ते बाजारपेठ मोकळं केलं, वर राजसदरेत उभं राहून बांगही दिली.

जे उरतं ते पोरं स्वतः उडवतात. वर्षानुवर्षांचा रिवाज आहे. ज्या किल्ल्यासाठी आठवडाभर कुणाला अंगणातून चालू दिलं नाही, त्याच्याच तटाखाली सुतळी बॉम्ब ठेवायचा. महाराज, अष्टप्रधान आणि हेलिकॉप्टर आधी सुखरूप खोक्यात जातात. आई येऊन ताटली आणि किसणी ताब्यात घेते. मग बॉम्ब कुणी लावायचा यावर सात नावांच्या पाटीवरून वाद होतो, त्यात आइस्क्रीमवाले दोघेही हिरिरीनं उतरतात. यंदा तो वाद मिटून वात पेटवायची वेळ आली, एवढ्यात फाटकाशी चष्मा चमकला.

“थांबा, थांबा! मे 1818. इंग्रजांनी तोफा कुठून डागल्या?”

पोरं गप्प.

“पोटल्याच्या डोंगरावरून! तुम्ही बॉम्ब चित् दरवाजाशी ठेवलाय. पोटला ह्या बाजूला येतो. उचला तो, आणि इकडून लावा.”

“पण गुरुजी,” धाकटा म्हणाला, “पोटल्यावर तुमची स्कूटर उभी आहे.”

गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि स्कूटर हलवली.